बेवारस म्हणू नका

प्रति,
माननीय महापालिका आयुक्त,
माननीय पोलीस उपायुक्त (वाहतूक),
माननीय प्रादेशिक परिवहन अधिकारी

विषय : रस्त्यावर वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाड्या, आणि त्यांतली माझी एक.

महोदय,
स. न. वि. वि.

तिघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे. वेगवेगळी लिहून झाली आहेत. पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात सांगितलं, वाहन आहे ना, मग वाहतूक शाखेकडे जा. वाहतूक शाखेत सांगितलं, गाडी चालत नाही, कुणाला अडवतही नाही, म्हणजे तो कचरा झाला, पालिकेकडे जा. आरटीओच्या खिडकीवरच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या रेकॉर्डला गाडी आहे. ती उभी कुठे आहे त्याच्याशी आमचा संबंध नाही." आपापल्या जागी तिघांचंही बरोबर असेल. म्हणून पत्र उघडंच लिहिते आहे, निदान बाकीच्या दोघांनी काय सांगितलं ते प्रत्येकाला कळेल.

मागच्या रविवारी सकाळी दूध आणायला निघाले आणि सहज मोजायला लागले. कोपऱ्यावरच्या दूधकेंद्रापासून टोकाच्या दत्तमंदिरापर्यंत अकरा गाड्या. चार स्कूटर-मोटारसायकली, पाच मोटारी, एक रिक्षा, एक टेम्पो. न हलणारी गाडी ओळखायला फार हुशारी लागत नाही. तिच्याखाली झाडू जात नाही. चाकाशी पानं साचतात, पानांची माती होते, मातीत काहीबाही उगवतं. टेम्पोच्या पुढच्या चाकापाशी एरंड आलाय, पुरुषभर उंच. एका मोटारीच्या बॉनेटच्या फटीत पिंपळ आहे आणि तो पिंपळ असल्यामुळे आता कुणी त्याला हातही लावत नाही. टेम्पोच्या हौद्यात मंडळाचे मांडवाचे बांबू असतात. रिक्षा फुलवाल्या मावशींचं कोठार झाली आहे, मीटरच्या जागी त्यांचा तराजू लटकतो.

गाडी संपते कशी, हे मी खिडकीतून पाहत आले आहे. आधी हवा जाते. मग एका रात्री बॅटरी. मग टेप, स्टेपनी, हेडलाइट. मग चाकं, आणि चाकांच्या जागी विटा येतात. विटा आल्या की समजायचं, आता क्रेनवालाही हिच्याकडे बघणार नाही.

या अकरांवर गेल्या वर्षी पालिकेचे कागद चिकटले. 'बेवारस वाहन. सात दिवसांत न हटवल्यास जप्त करण्यात येईल.' खाली 'वाहन क्रमांक' असं छापलेलं होतं, पुढची रेघ कोरी. नंबरप्लेट त्या कागदाच्या दीड हात खाली होती. चिकटवणाऱ्याने खाली वाकून पाहिलं असतं तर क्रमांक मिळाला असता, आणि क्रमांकावरून नाव. पावसाळ्यात कागद विरघळले. दिवाळीच्या सुमारास क्रेन आली, दोन स्कूटर उचलून घेऊन गेली. हलक्या होत्या, चाकं शाबूत होती. बाकीच्या नऊ राहिल्या. मग मोजताना अकरा कशा भरल्या, असं तुम्ही विचाराल. रिकाम्या झालेल्या जागी महिन्याभरात दोन नव्या येऊन उभ्या राहिल्या.

त्या कागदावरच्या 'बेवारस' या शब्दावर मी बरेच दिवस अडकले आहे. ज्याला वारस नाही तो बेवारस. आमच्या गल्लीतल्या एकाही गाडीला हा शब्द लागू पडत नाही. टेम्पो दुसऱ्या मजल्यावरच्या भाऊंचा आहे, धंदा बुडाला तेव्हापासून उभा. दोन मोटरसायकली कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याच्या गिऱ्हाइकांच्या. दुरुस्तीचा आकडा ऐकून गिऱ्हाईक परत फिरकलंच नाही. चॉकलेटी मोटार एका दुकानदाराने मुद्दाम ठेवली आहे, दुकानासमोरची जागा धरायला. दिवाळीत माल उतरवायचा असला की चार पोरं लावून ती पुढे ढकलतात आणि काम झालं की पुन्हा मागे. आणि दत्तमंदिराकडून तिसरी, पांढरी मारुती ८००, ती माझ्या वडिलांची. तिची वारस मी.

आता मला तक्रार करायचा काय अधिकार, असं कुणी म्हणेल. म्हणा. पण ही गाडी रस्त्यावर का राहिली, ते तुम्ही एकदा ऐकून घ्यावं असं मला वाटतं, कारण बाकीच्या बऱ्याच गाड्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच निघेल.

अण्णांनी ती १९९७ साली कर्जावर घेतली. २००१ मध्ये कर्ज फिटलं, त्या दिवशी पेढे आणले होते, मला आठवतं. पण आरसी बुकावर बँकेचा बोजा उतरवून घ्यायचा राहिला. पंधरा वर्षं झाली तेव्हा त्यांनी पासिंग करून पुढची पाच वर्षं मिळवली. २०१६ मध्ये ते गेले. गाडी खाली उभी होती तशीच राहिली. आईला विषय काढला की म्हणायची, "राहू दे गं, खायला मागते का ती?" खायला मागत नव्हती हे खरं. पहिली दोन वर्षं मी आठवड्यातून एकदा चालू करून बघत असे. मग बॅटरी गेली आणि तेही थांबलं.

२०२२ मध्ये मी ठरवलं की काढून टाकायची. मालक वारला तर तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे हे मला त्या वेळी कळलं. म्हणजे मी पाच-सहा वर्षं उशिरा होते. मृत्यूचा दाखला होता. माझा भाऊ बंगळुरूला, त्याचं संमतीचं प्रतिज्ञापत्र मागवलं, आईचं केलं. मग खिडकीवर बोजा निघाला. बँकेची 'कर्ज फिटलं' अशी एनओसी आणा. ती शाखा बंद झालेली, ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, आणि विलीन करून घेणाऱ्या बँकेतल्या मुलाचा जन्मच मुळी हे कर्ज फिटल्याच्या आसपासचा. त्याने बिचाऱ्याने खूप शोधलं. "मॅडम, तुमच्या वडिलांचं खातंच दिसत नाहीये, तर क्लोज झाल्याचं लेटर कसं देऊ?"

त्याच आठवड्यात भंगारवाला दारात आला. अठरा हजार रोख. "पेपर राहू द्या ताई, दोन तासांत कापून मोकळा होतो." मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण गाडी कापली तरी नोंदणी जिवंत राहते. तो नंबर, तो चेसिस क्रमांक उद्या कुठल्या चोरीच्या गाडीवर बसला तर पोलीस अण्णांच्या नावाने घरी येणार, आणि अण्णा तर नाहीत. मी नाही म्हटलं. माझ्या जागी दहा जण असते तर नऊ जणांनी हो म्हटलं असतं, आणि त्यांना मी दोष देणार नाही.

सरळ मार्ग नाही असं नाही. २०२१ मध्ये वाहनं मोडीत काढण्याचे नियम आले, नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं उभी राहू लागली. तिथे गाडी दिली की 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं, त्यावर नवी खासगी गाडी घेताना रस्ता करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. कल्पना चांगली आहे. पण ते केंद्र शहराबाहेर, बंद गाडी तिथवर न्यायची तर क्रेनचं भाडं माझं, आणि वर पुन्हा तोच बोजा. ज्याला नवी गाडी घ्यायची आहे त्याच्यासाठी हा मार्ग आहे. टेम्पोवाल्या भाऊंना नवी गाडी घ्यायची नाहीये. त्यांना जुन्या गाडीकडे बघवत नाही एवढंच.

दुसरीकडे, जुनी गाडी कागदोपत्री जिवंत ठेवण्याचा खर्च मात्र वाढत गेला. पंधरा वर्षं झालेल्या मोटारीच्या फेरनोंदणीला पूर्वी ६०० रुपये पडत, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. वीस वर्षं उलटलेल्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. पर्यावरण कर वेगळा. जुन्या गाड्या रस्त्यावरून कमी व्हाव्यात म्हणून हे केलं, हेतू मला मान्य आहे. पण ज्याला हे भरणं परवडत नाही तो काय करतो, याचा विचार कुणी केला होता का? तो गाडी चालवायची थांबवतो. कागदावरची गाडी बंद पडते, लोखंडाची गाडी दारासमोर उभी राहते.

कायदा कमी आहे म्हणून हे होतं, असं तर मुळीच नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७ : सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ सोडून दिलेलं वाहन गणवेशातला पोलीस अधिकारी उचलायला सांगू शकतो आणि खर्च मालकाकडून घेता येतो. कायद्यात दहा तास, आमच्या गल्लीत दहा वर्षं. पालिकेकडेही महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चं कलम २३१ आहे. मी ते मुद्दाम वाचून काढलं. रस्त्यात ठेवलेला स्टॉल, खुर्ची, बाक, पेटी, शिडी, गासडी किंवा 'अन्य कोणतीही वस्तू' आयुक्त नोटीस न देता हलवू शकतात. भाजीवाल्या काकूंची पेटी या कलमाने किती वेळा उचलली गेली ते त्या तारखांसकट सांगतात. ती पेटी दोन माणसांत उचलली जाते. टेम्पोला क्रेन लागते, म्हणून तो 'अन्य कोणतीही वस्तू' होत नसावा.

जुलैमध्ये डासांचे कर्मचारी येतात. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, गच्चीतला पिंप, सगळं बॅटरी मारून बघतात. मागच्या वर्षी माझ्या मनीप्लांटच्या बाटलीत अळ्या सापडल्या म्हणून मला नोटीस मिळाली. मिळायलाच हवी होती. पण मी त्या मुलाला हाताला धरून खाली नेलं आणि टेम्पोच्या हौद्यातला टायर दाखवला. पाणी काळं झालेलं, वरून बघितलं तर वळवळ दिसत होती. तो म्हणाला, "मॅडम, आमच्या फॉर्ममध्ये घर क्रमांक लागतो. याला घर क्रमांक नाही." डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि त्याची अंडी कोरड्या टायरच्या आतल्या बाजूला महिनोनमहिने चिकटून पुढच्या पावसाची वाट बघत राहू शकतात. म्हणजे उन्हाळ्यात तो टायर कोरडा असतो तेव्हाही तो धोक्याचाच.

एक गोष्ट लिहावी की नको, याचा मी विचार केला. लिहितेच. जून २०२३ मध्ये नागपुरात पाचपावली भागात तीन लहान मुलं बेपत्ता झाली आणि घरापासून जवळच उभ्या असलेल्या एका मोटारीत दुसऱ्या दिवशी मृतावस्थेत सापडली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला दोन भावंडं, एक सात वर्षांचं, एक पाच, अशीच एका उभ्या जुन्या गाडीत सापडली. खेळता खेळता आत गेली असणार. आमच्या गल्लीत मुलं लपाछपी खेळतात तेव्हा राज्य कुणावर आहे ते मी गच्चीतून ओळखते, आणि लपायची पहिली जागा कुठली तेही. अण्णांच्या गाडीचं मागचं डावं दार बाहेरून उघडत होतं. अँटॉप हिलची बातमी वाचली त्या संध्याकाळी मी ते दोरीने बांधून टाकलं.

रेल्वे स्टेशनवर कुणाची पिशवी बाकावर पाच मिनिटं राहिली तर बेवारस वस्तूला हात लावू नका म्हणून भोंगा ओरडतो, श्वान पथक येतं. १९९३ च्या मार्चमध्ये मुंबईत स्फोटकं ठेवली होती ती उभ्या केलेल्या मोटारींत आणि स्कूटरमध्येसुद्धा. हे तुम्हाला मी सांगावं असं नाही.

आता पोलीस उपायुक्त साहेबांसाठी वेगळं. राग नसावा. आमच्या जवळच्या पोलीस ठाण्याच्या भिंतीला लागून फूटपाथवर गाड्यांचा जो ढीग आहे तो आमच्या गल्लीच्या चौपट आहे. अपघातातल्या, चोरीतल्या, दारू वाहताना पकडलेल्या. मुद्देमाल. सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात २००२ सालीच सांगून ठेवलंय की जप्त गाड्या ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवण्यात काही अर्थ नाही, दंडाधिकाऱ्यांनी वेळेवर आदेश देऊन त्या मोकळ्या कराव्यात. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये तर वर्णन, फोटो, चित्रीकरण करून ठेवायचं आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश व्हायचा, असं ठरवून दिलं आहे. पुरावा म्हणून फोटो चालतो, गाडी सडवायची गरज राहिलेली नाही. आणि आयुक्त साहेब, पालिकेच्या आवारातल्या बिनचाकांच्या घंटागाड्या मीही पाहिल्या आहेत. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपली, त्या मोडीत काढायच्या आहेत. त्यांच्यापासून सुरुवात झाली तर आमच्या काचेवरच्या कागदाला जरा वजन येईल.

मुंबईत पालिकेने आता हे काम एजन्सींकडे दिलं आहे. ७२ तासांची नोटीस, मग गाडी उचलून आवारात, तीस दिवसांत मालक आला नाही तर मोडीत. तसंच आपल्याकडे करा, असं मी म्हटलं असतं, कारण मुदत निदान कागदावर तरी ठरलेली आहे. पण नुसती क्रेन आणून भागणार नाही. क्रेन गाडी गल्लीतून उचलते आणि आवारात ठेवते. आवार भरलं की क्रेन थांबते. आपलं आवार भरलेलं आहे, मी जाऊन पाहून आले. तिथल्या रखवालदाराने खुर्ची दिली, चहा पाजला आणि म्हणाला, "मॅडम, इथे आलेली गाडी जाते कुठे ते मलाही बघायचंय." तिथेही तेच, पानं, माती, एरंड.

मला हवं आहे ते याहून साधं आहे आणि त्याला बहुधा क्रेनपेक्षा टेबल जास्त लागेल. महिन्यातून एका शनिवारी, प्रत्येक प्रभागात, एका मांडवात तिघांचीही माणसं एकत्र बसवा. लोकअदालत भरते तशी. आरटीओचा एक कारकून लॅपटॉप घेऊन, पालिकेचा एक, वाहतूक शाखेचा एक, आणि बाहेर स्क्रॅपिंग केंद्राची क्रेन उभी. मालकाने किंवा वारसाने यावं, आधार आणि मृत्यूचा दाखला दाखवावा, तिथल्या तिथे प्रतिज्ञापत्र व्हावं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाडीवर बोजा दिसत असेल तर बँकेला महिन्याची मुदत द्या. कुणी काही बोललं नाही तर बोजा नाही असं समजा. एवढ्या वर्षांत गाडी ओढून न्यायला जी बँक आली नाही ती आता येणार नाही. गाडी क्रेनवर चढताना मालकाच्या हातात पावती पडावी. एवढं झालं तर आमच्या गल्लीतल्या निम्म्या गाड्या पहिल्याच शनिवारी जातील असं मी खात्रीने सांगते, आणि भाऊ टेम्पोला हार घालून निरोप देतील.

आणि नोटीस काचेवर चिकटवू नका, माणसाला पाठवा. सिग्नलला झेब्रा पट्टीवर चाक गेलं तर फोटोसकट चलन मोबाईलवर येतं, मी दोनदा भरलं आहे. ज्या यंत्रणेला एवढं जमतं तिला नंबरप्लेट वाचून 'आपली गाडी अमुक गल्लीत उभी आहे' एवढा मेसेज पाठवता येऊ नये? मालक वारला असेल, घर बदललं असेल, मेसेज पोचणार नाही, मान्य. पण दहांतल्या सहांना तरी पोचेल, आणि ती सहा माणसं 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही' असं म्हणू शकणार नाहीत. दुकानासमोरची जागा धरणारा तर मुळीच म्हणू शकणार नाही. त्याला टेबल नको, सरळ दंड करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०१ मध्ये अडथळ्यासाठी पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. त्याच्या एका दिवसाच्या गल्ल्यापुढे तो किरकोळ आहे हे मला कळतं, पण पावती फाडायला तरी कुणी येऊ दे.

एक भीतीही सांगते. मोहीम सुरू झाली की हाताला लागेल ते उचललं जातं. रिक्षा स्टँडमागे एक रिक्षा चार महिने उभी आहे. तिचा चालक पाय मोडून घरी पडलाय, तिच्यावर प्लास्टिक टाकून दर आठवड्याला त्याचा मुलगा पुसून जातो. नदीकाठच्या रस्त्यावर एका बंद बसमध्ये एक कुटुंब झोपतं. या गाड्यांना इतरांसारखाच कागद चिकटवून चालणार नाही. खाली वाकून बघणारं, शेजारी चौकशी करणारं माणूस लागेल. आमच्या चौकातला बीट मार्शल हे सगळं ओळखून आहे. त्याला विचारा.

मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक म्हणाले होते की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होऊ देणार नाही. जपानमध्ये १९६२ पासून गाडी ठेवायला जागा असल्याचं सिद्ध करावं लागतं. इथे ते कधी होईल तेव्हा होवो. गाडी घेताना जागा विचारणार असाल तर सोडताना रस्ता पण दाखवा, एवढंच मी या तीन साहेबांना म्हणते.

तोपर्यंत माझ्या गाडीपुरतं : आईने गेल्या महिन्यात होकार दिला. डॅशबोर्डवरचा छोटा गणपती काढून देवघरात ठेवला आहे. आरसी बुक, मृत्यूचा दाखला, भावाचं आणि आईचं प्रतिज्ञापत्र, कर्जाच्या शेवटच्या हप्त्याची अण्णांनी जपून ठेवलेली पिवळी पावती, सगळं एका पिशवीत दाराच्या खुंटीला आहे. क्रेन पाठवाल तर चालकाला सांगा, पुढचं उजवं चाक जाम आहे, ते मोकळं करायला थोडं रॉकेल आणि हातोडी लागेल. आणि मागच्या डाव्या दाराची दोरी गाडी वर चढल्याशिवाय सोडू नये, मुलं आसपास असतात.

कळावे,
आपली विश्वासू,
दत्तमंदिराकडून तिसऱ्या गाडीची वारस